पक्यास, गॉडझिलाच्या काळजीने

मिरज, रविवार रात्री

प्रिय पक्या,

तुझ्या मेसेजना नुसता अंगठा दाखवून गप्प बसलोय, शिव्या दे आणि पुढे वाच. आई बरी आहे, गुडघा आहे तसाच. माझी शुगर बॉर्डरवर. झालं, आता मुद्द्याचं.

वाचनालयात मे महिन्यात एक जुना जपानी राक्षसपट लावायचाय. म्हणजे मीच अप्पांच्या मागे लागलो होतो, शेवटी कंटाळून "लाव बाबा" म्हणाले. हॉल फुकट, प्रोजेक्टर गज्याचा. फक्त कुठला लावायचा ते ठरेना आणि त्यावरून माझी झोप उडालीय. हसू नको, घरातले सगळे हसून झालेत.

झालं असं, की ट्रायल म्हणून गज्याच्या घरी १९६५ चा लावला, तो गॉडझिला या महाकाय सरड्याला आणि उडणाऱ्या रोडान राक्षसाला बुडबुड्यात घालून परग्रहावर नेतात तो. गज्याचा पोरगा पुण्यात व्हीएफएक्सचा कोर्स करतोय. तो पहिल्यापासून खिदळतोय. राक्षसांना लटकवलेली तार दिसली, हसला. रॉकेट खेळण्यातलं वाटलं, हसला. आणि शत्रू राक्षस घिडोराला पळवून लावल्यावर गॉडझिला टुणटुण उड्या मारत नाचतो ना, तिथे तर पठ्ठ्या सोफ्यावरून खाली. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. मग म्हणतो, "काका, हे कॅम्पी आहे, इतकं वाईट की भारी. बिचाऱ्यांना कळतही नसेल आपण किती फनी दिसतोय ते."

ते "बिचाऱ्यांना" मला जे लागलं! जेवायला बसल्यावरही वाद घालत होतो, वहिनींनी आमरस वाढून माझं तोंड बंद केलं. आणि स्कूटरवर मागे बसून सुनीता शांतपणे म्हणते, "तोही हसला, तूही हसलास. तुझं हसणं काय वेगळं होतं?" घर येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही, म्हणून तुला लिहितोय, दुसरं कोण ऐकून घेणार हे?

आधी "कळत नसेल"चं बघू. तो नाच म्हणजे तेव्हा जपानभर पोरं करायची ती 'शे' पोझ, 'ओसोमात्सु-कुन' नावाच्या कॉमिकमधली. पोरांना हसू यावं म्हणून घातलेली. सेटवर सगळ्यांना ते पटलं नव्हतं म्हणतात, पण ट्रिक-दृश्यं करणाऱ्या त्सुबुरायांना आवडलं. म्हणजे आपल्या आधी हसून मोकळी झालेली माणसं ही! आणि हीच माणसं १९५४ च्या पहिल्या गॉडझिलाची. तेच दिग्दर्शक होंडा, तेच त्सुबुराया, राक्षसाच्या रबरी सूटात तोच नाकाजिमा. होंडा युद्धानंतर चीनमधल्या कैदेतून सुटून परत येताना हिरोशिमा बघून आलेला माणूस. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनीला अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला, 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर राख पडली, आणि नोव्हेंबरात गॉडझिला थिएटरात. त्यात आग लागलेल्या टोकियोत एक आई पोरांना पोटाशी धरून सांगते, आता आपण बाबांकडे जाणार. हॉस्टेलवर ते बघताना तू पाणी प्यायला म्हणून उठून गेलास आणि बराच वेळ आला नाहीस. मी कुणाला सांगितलं नाहीये अजून.

त्यामुळे अप्पांचा आग्रह १९५४ चाच. "अणुबॉम्बवर आहे ना? मग तोच, नंतर चर्चा ठेवू." लोक गंभीर चेहऱ्याने बघतील, चहा होईल, कुणीतरी शांततेवर बोलेल. सेफ आहे. पण मला त्यात फसवणूक वाटते रे. विषय मोठा म्हणून रबर माफ, असं होतं ते. आणि ज्यांना माफी लागतच नाही ते पुढचे पिक्चर बिचारे माळ्यावर. (बघ, मीपण बिचारे म्हणालो.)

मला खरं तर १९६४ चा लावायचाय. ती मीटिंग आठव. मोथ्रा या राक्षसी पतंग-किड्याची अळी, अळी म्हणजे शब्दशः अळी, गॉडझिला आणि रोडानला विनवतेय की चला, तिघं मिळून घिडोराला हाकलू. दोघं भांडण थांबवून ऐकतात, डरकाळ्या फोडतात, आणि हातभर उंचीच्या त्या जुळ्या बहिणी सगळं भाषांतर करून सांगतात, की हे म्हणतात माणसांनी आम्हाला कायम त्रासच दिलाय, आम्ही का मरायचं? मध्येच गॉडझिला असं काही बोलतो की त्या म्हणतात, शी, काय ही भाषा! आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये देसाई बोलतात तसा. आणि मग ती अळी एकटी निघते. तीन डोक्यांच्या सोनेरी अजस्र घिडोराकडे, जमिनीवरून सरपटत. घिडोरा वीज सोडतो, ती उडून पडते, परत सरपटते. तेव्हा कुठे ते दोघं टगे लाजून उठतात. गज्याच्या पोराला तिथे तार दिसेल. मलाही दिसते, लपवायचा काही प्रश्नच नाही, पण तार दिसत असताना माझ्या घशाशी येतं, आता काय करायचं?

कदाचित आत माणूस आहे म्हणून असेल. पहिला सूट शंभरेक किलोचा, आत उकाडा, वर स्टुडिओचे दिवे, आणि नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं कशी चालतात ते बघून आलेला. कॅमेरा जास्त स्पीडने चालवायचे, म्हणजे पडद्यावर सगळं संथ होतं आणि प्लॅस्टरची बिल्डिंग कोसळताना टनावारी वजनाची वाटते. १९७२ पर्यंत तो गडी रबरात होता. वर इफुकुबेंचं संगीत, जे एकदाही डोळा मारत नाही. ती डरकाळीसुद्धा डबल बासच्या ढिल्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून काढलेली. ज्याला हे सुचलं त्याला आपण कसे दिसतो ते कळत नसेल?

नंतर पैसा आटला, टीव्ही आला, हे मान्य. १९७१ मध्ये गॉडझिला तोंडातून ज्वाळा सोडून शेपूट पोटाशी धरून उलटा उडतो. निर्माते तनाका हॉस्पिटलात असताना ते उरकलं आणि दिग्दर्शक बान्नोला पुन्हा गॉडझिला मिळाला नाही म्हणतात. त्या उडण्यावरून आपण हॉस्टेलवर किती भांडलोय! तुझं म्हणणं इथे बट्टा लागला. आणि हे कोण म्हणतंय, तर गामेराचा भक्त! पाय आत ओढून भोकांतून धूर सोडत चकलीसारखं गरगरणारं कासव चालतं तुला. १९६९ मध्ये तेच कासव आडव्या दांड्यावर जिम्नॅस्टिक करतं, ते चालतं. गॉडझिला उडाला की बट्टा. जा रे.

१९६९ चा गॉडझिला मात्र परत बघ एकदा. सगळ्यात स्वस्तातला, निम्म्या मारामाऱ्या जुन्या पिक्चरमधून उचललेल्या. पण आईबाप कामावर, गळ्यात किल्ली, गल्लीतली पोरं छळतायत, आणि पोरगं एकटं घरात बसून राक्षसांच्या बेटाची स्वप्नं बघतं. दूरदर्शनवरच्या जायंट रोबोट मालिकेच्या वेळी तुझ्या मनगटावर बाबांचं बंद घड्याळ असायचं आणि तू मालिकेतल्या पोरासारखा त्यात तोंड घालून ऑर्डरी सोडायचास, मी रोबोट. सुनीताला मी हेच सांगायला हवं होतं बहुतेक. गज्याचा पोरगा वरून खाली बघून हसतो, मी हसतो तेव्हा अजून रोबोट असतो. पण हे बायकोला तोंडावर कसं सांगणार?

तुझं काय? प्रमोशनचं कळलं, अभिनंदन. टोकियोतलं निशी-कासाईचं घर बदललं का? चिन्मयीला जपानी शाळा मानवली ना? आणि इतकी वर्षं तिथे राहून शिंजुकूला गॉडझिला काढणाऱ्या तोहो कंपनीच्या बिल्डिंगवरचं गॉडझिलाचं डोकं तू बघितलेलं नाहीस हे ऐकून मी तीन दिवस तुझ्याशी मनात बोललो नव्हतो. चिन्मयीला घेऊन जा, फोटो पाठव, फोटोत तू नसलास तरी चालेल.

शनिवारच्या आत कळव, १९५४ की १९६४. अप्पांना बोर्डावर लिहायचंय. गामेराचं नाव काढलंस तर फोन ठेवीन.

तुझा,
बाळ्या