बाबांची लस आपण सगळ्यांनी घ्यायची

पुणे, मे महिना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "माझ्या अंगात लस धरतच नाही, मग फ्लूची तरी कशाला टोचून घ्यायची?" मागून आईचा आवाज आला, "पैसे फुकट." तेव्हा मी फारसं बोलले नाही, कारण हे घाईघाईत सांगण्यासारखं नाही. आई, हे पत्र बाबांना वाचून दाखव आणि मग एकदा स्वतःसाठीही वाच. अर्धं पत्र तुझ्यासाठीच आहे.

बाबांचा हेपॅटायटिस बीच्या लशीचा रिपोर्ट खरा आहे. आईची किडनी बसवण्याआधी, डायलिसिस चालू होतं तेव्हा बाबांना हेपॅटायटिस बीच्या लशीचे चार डोस दिले होते, तेही दुप्पट ताकदीचे. धडधाकट माणसाला २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस पुरतात. डायलिसिसवरच्या माणसाला ४० चे चार द्यावे लागतात, कारण किडनी काम करेनाशी झाली की रक्तात जी घाण साठते तिने पांढऱ्या पेशीही मंदावतात. नंतर रक्तातल्या अँटिबॉडी मोजतात. आकडा १० च्या वर हवा, बाबांचा ४ आला. मी लॅबमध्ये दिवसभर हेच आकडे काढते, त्यामुळे यात गोड बोलण्यात अर्थ नाही हे मला ठाऊक आहे. हेपॅटायटिस बीपुरतं संरक्षण नाही असंच धरून चालायचं आणि पुन्हा डोस घ्यायचे का, ते किडनीच्या डॉक्टरांना विचारायचं. पण त्या एका आकड्यावरून सगळ्याच लशींवर फुली मारायची नाही.

असं का होतं ते सांगते. दंडात लस टोचली की तिचा अंश काखेतल्या गाठींपर्यंत पोचतो. त्या गाठींत पांढऱ्या पेशींपैकी असंख्य बी पेशी असतात आणि प्रत्येकीला वेगळाच शत्रू ओळखता येतो. ज्या मोजक्या पेशींना लशीतला तुकडा ओळखू येतो, त्यांना दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींनी, म्हणजे टी पेशींनी, इशारा द्यावा लागतो. तो मिळाला की त्या भराभर वाढतात, एकीच्या दोन, दोनच्या चार. त्यांतूनच साधारण दोन आठवड्यांत अँटिबॉडी तयार होतात. आता बाबांच्या गोळ्या आठवा. सकाळी नऊ आणि रात्री नऊला घड्याळ लावून घेतात ती टॅक्रोलिमस टी पेशींचा इशाराच दाबून टाकते. मायकोफेनोलेट या पेशींना वाढू देत नाही. लशीला जे व्हायला हवं असतं नेमकं तेच या गोळ्या अडवतात, आणि त्यांनी ते अडवायलाच हवं. आपल्या बागेत रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधली की झाड तिला आपली म्हणून घेतं. माणसाचं अंग घेत नाही. आईची किडनी बाबांच्या पोटात टिकली आहे ती या गोळ्यांच्या जिवावर.

म्हणून आई, तू विचारलंस ना, लस घेताना चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर? अजिबात नाही. एक वेळची गोळीसुद्धा चुकवायची नाही. धाकट्या काकूला फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे संधिवाताची मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितली होती, ते बरोबरच होतं. तिच्या आजारात तसा सल्ला देतात. पण तिचे सांधे पंधरा दिवस जास्त दुखले असते, एवढंच. अंगाने किडनी नाकारली तर तुझी दिलेली किडनी जाईल, आणि तुला दुसरी देता यायची नाही.

आता लस घेऊन काय मिळतं ते. कोव्हिडच्या वेळी अमेरिकेत अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची तपासणी झाली होती. एमआरएनए प्रकारच्या कोव्हिड लशीच्या दोन डोसनंतर त्यातल्या ५४ टक्के लोकांच्याच रक्तात अँटिबॉडी सापडल्या. वाचून वाईट वाटतं. पण त्याच वर्षी, २०२१ मध्ये, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशाच १०१ रुग्णांना तिसरा डोस दिला. आधी ४० टक्के लोकांत अँटिबॉडी होत्या, चार आठवड्यांनी ६८ टक्के लोकांत दिसल्या. म्हणजे अंग ऐकतं, पण उशिरा आणि पुन्हा पुन्हा सांगितल्यावर. शिवाय आम्ही मोजतो त्या फक्त अँटिबॉडी. विषाणू शिरलेली पेशी शोधून मारणाऱ्या टी पेशी नेहमीच्या रिपोर्टात येतच नाहीत.

फ्लूचं तर थेट उदाहरण आहे. प्रत्यारोपण झालेल्या आणि नंतर फ्लू झालेल्या ६१६ रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. त्या हंगामात ज्यांनी लस घेतली होती, त्यांनाही फ्लू झालाच होता. पण त्यांच्यात न्यूमोनिया आणि आयसीयूत जाण्याचं प्रमाण कमी होतं. बाबा, मला तुमच्यासाठी एवढंच हवंय. सर्दी-ताप झाला तरी तो घरच्या खाटेवर निभावावा.

लस मृग लागायच्या आधी घ्यायची. आपल्याकडे फ्लू पावसात वाढतो आणि लशीला अंगात काम करायला दोन आठवडे लागतात. सुईची, मारलेल्या विषाणूची लस घ्या. नाकात मारायची जिवंत विषाणूची लस असते, ती बाबांना चालत नाही. आणि लस मेडिकलमधून आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. ती २ ते ८ अंशांतच टिकते. तौक्ते वादळाच्या वेळी आपल्याकडे किती दिवस लाईट नव्हती ते आठवा. आणि लाईट असली तरी आई बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवायची, म्हणजे गोठली की तीही वाया. कुडाळच्या डॉक्टरांकडेच जा. त्यांच्या फ्रिजला वेगळा इन्व्हर्टर आहे, आत थर्मामीटर आहे. मी फोन करून विचारलंय.

आता आई, तुझं. तू म्हणशील, मला काय झालंय? वय झालंय, दुसरं काही नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे नव्या टी पेशी तयार होतात. तरुणपणापासूनच ती आक्रसत जाते आणि साठी ओलांडेपर्यंत तिच्यात बहुतेक चरबीच उरते. त्यामुळे नवा विषाणू आला की म्हातारं अंग सावकाश हलतं. पण तुझ्या पेशींना कुठली गोळी दाबत नाही. बाबांपेक्षा तुझ्या अंगात लस कितीतरी चांगली धरेल. बाबांच्या सर्वांत जवळ कोण असतं? तूच. तुझ्या दंडात टोचलेली लस बाबांच्याही कामाची आहे. त्यांच्या अंगात जे तयार होत नाही ते भोवतालच्या माणसांच्या अंगात तयार करून ठेवायचं, मला दुसरा उपाय दिसत नाही. तुझ्यासाठी, दादा-वहिनीसाठी आणि माझ्यासाठी मी लशी सांगून ठेवल्या आहेत.

यातूनच गणपतीचा प्रश्न येतो. चाकरमानी येणार, एकाच रेल्वेच्या डब्यात रात्रभर बसून येणार आणि उतरल्या उतरल्या बाबांच्या पाया पडणार. आई, तुझं वाक्य मला पाठ आहे, "घराक इलेल्या माणसाक खोकतंस काय म्हणान कसा इचारूचा?" तू विचारू नकोस. मी आत्ताच सगळ्यांना फोन करते. ज्यांना जमेल त्यांनी जुलैतच फ्लूची लस घ्यावी, आणि ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने यंदा दर्शन अंगणातल्या खळ्यातून घ्यावं. आपली माणसं आहेत, ऐकतील. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला सगळे रांगेत उभे होते. आणि भजनाची बारी माजघरात नको. पंधरा-वीस माणसं दारं लावून तास-दोन तास मोठ्याने गातात, तेव्हा हवेत काय काय सोडलं जातं याचा विचार करा. खळ्यात मांडव घालू. बाबांनी पडवीत मास्क लावून बसावं, झांजा वाजवाव्यात, मन भरून ऐकावं. मास्क लावायला लाजू नका, बाबा. फ्लूचा बी-यामागाता नावाचा एक अख्खा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. लोक तोंड झाकून एकमेकांपासून लांब राहिले त्या काळातच तो नाहीसा झाला. आता नव्या फ्लू लशीतून त्याला वगळायलाही सांगितलंय.

दादाच्या बाळाच्या लशी मात्र थांबवायच्या नाहीत. फक्त एवढं लक्षात ठेवा, पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि तो बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. त्याबद्दल वहिनी बाळाच्या डॉक्टरांना विचारून घेणार आहे. तोवर बाबांनी लंगोट बदलायचा नाही, एवढं पाळा.

एक नाजूक गोष्ट. परसातल्या आंब्यावर चढलेल्या गुळवेलीचा काढा तू बाबांना मायेने देतेस, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. तो आजपासून बंद कर. बाबांची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवली आहे, ती उसळली तर पहिला घाव तुझ्याच किडनीवर. शिवाय गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली आहे. गणपतीवरच्या माटवीला पपनस खुशाल बांध, पण बाबांना सोलून देऊ नकोस. या जातीच्या फळांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकनेही चढते, म्हणून गावात कुणीही गोळी लिहून दिली की आधी मला फोटो पाठव.

आणि बाबांना ताप येण्याची वाट बघू नका. या गोळ्यांवर असलेल्या माणसाला आतून आजार वाढत असतानाही अंग गरम लागेलच असं नाही. जेवण टाकलं, दिवसभर गुंगीत पडून राहिले, बोलताना गोंधळले, दोन पायऱ्या चढून धाप लागली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. मी सांगितलेल्या त्या ६१६ जणांतही वेळेवर औषध मिळालेल्यांचं बरं निभावलं होतं. रात्र असली तरी मला उठवा. "बायची झोप मोडेल" असं म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, हात जोडून सांगते.

नागिणीच्या लशीचं आणि न्यूमोनियाच्या लशीचं आल्यावर बोलू. दोन्ही बाबांना चालतात, त्यांत जिवंत जंतू नाही. पैशांचं माझ्याकडे सोडा.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी सकाळी अकराची वेळ कुडाळला घेतली आहे. बाबा, अर्ध्या बाह्यांचा सैल शर्ट घाला. हेपॅटायटिसचा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत आधीच भरून ठेवा. आई, तूही तयार राहा, तुलाही टोचायचंय.

तुमची,
बाय