९ टक्के म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मागच्या आठवड्यात हेअर डाय आणि स्तनाच्या कर्करोगाची बातमी आली. राजारामपुरीत माझं छोटं पार्लर आहे, २१ वर्षं झाली. बातमी आल्यापासून चार दिवसांत सहा जणींनी डायची वेळ रद्द केली. माझं पोट यावर चालतं, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं वजा करून वाचावं.

बातमीत 'धोका ९ टक्क्यांनी वाढतो' एवढंच होतं. कशाच्या ९ टक्क्यांनी, ते नव्हतं. बायकांनी अर्थ घेतला तो असा, की शंभर जणींनी डाय लावला तर नऊ जणींना कॅन्सर. माझी मुलगी बी. फार्मसीला आहे, तिला मूळ अभ्यास शोधायला लावला. तो अमेरिकेतला, २०१९ साली छापलेला. ४६,७०९ स्त्रिया, आणि प्रत्येकीच्या बहिणीला आधी हा आजार झालेला. म्हणजे मुळातच जोखीम जास्त असलेल्या. सरासरी आठ वर्षांत त्यांतल्या २,७९४ जणींना तो झाला. शंभरात सहा. त्या सहावर ९ टक्के म्हणजे अर्धी बाई वाढली, सहाच्या जागी साडेसहा. तीही कायमचा रंग लावणाऱ्यांत. काही धुण्यांत उतरणाऱ्या रंगानं फारसा फरक पडला नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र वाढ ४५ टक्के दिसली, ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पुढच्याच वर्षी १,१७,२०० नर्सेसचा ३६ वर्षांचा अभ्यास आला. त्यात एकूण स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला नाही. हार्मोनला दाद न देणाऱ्या काही प्रकारांत तेवढा थोडा वाढला.

आता माझ्याच धंद्याविरुद्ध बोलते. त्या २०१९च्या अभ्यासात केस सरळ करण्याच्या केमिकलचा आकडा डायपेक्षा मोठा आहे, १८ टक्के. आपल्या बातमीत त्याचा उल्लेख नाही. लग्नसराईत माझ्याकडे डायपेक्षा जास्त पैसा स्मूदनिंगचा येतो. हे लिहिताना हात जरा अडखळला, पण आहे ते आहे.

दुसरं आमच्या हातांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबद्दल 'ठरवण्याइतका पुरावा नाही' म्हटलंय. दिवसभर दुसऱ्यांचे केस रंगवणाऱ्यांचं काम मात्र 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलंय, मुख्यतः मूत्राशयाच्या कर्करोगामुळे. डायच्या खोक्यात पातळ प्लास्टिकच्या हातमोज्यांची एक जोडी येते. दुसऱ्या डोक्याला अंगठ्याशी फाटते. माझ्याकडच्या दोन मुलींची नखं काळी असायची. आता रबरी हातमोजे आणलेत, एक्झॉस्ट बसवला. बातमी वाचून मुलींबद्दल मात्र एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच. शिवाजी पेठेतल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, दर महिन्याला यायच्या. परवा नुसते केस कापायला आल्या. "डाय सोडला बघ मी. कॅन्सर होतोय म्हणं. आता काळी मेंदी लावतो." पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. वर हिरवी पानं, 'नैसर्गिक' असं ठळक. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली : पॅरा फेनिलिन डायअमाइन. म्हणजे पीपीडी, माझ्या डायच्या ट्यूबमध्ये असतं तेच. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-केशरी. निळीच्या पानांनी काळेपणा येतो, पण त्याला दोनदा लावावं लागतं आणि दिवस जातो. अर्ध्या तासात कोळशासारखे केस काळे करणारी मेंदी दिसली की पाकीट उलटं करून बघावं. पीपीडीनं अॅलर्जी होते हे तर पक्कं माहीत आहे. डोळे मिटतील इतकं तोंड सुजलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा, असं खोक्यातल्या कागदावर असतं. थांबतं कोण?

केस धुताना मावशी सहज म्हणाल्या, काखेजवळ सुपारीएवढी गाठ आहे. दिवाळीपासून. "दुखत नाही गं, म्हणून राहू दिलं." घरी कुणाला सांगितलेलं नाही. कॅन्सरच्या भीतीनं डाय सोडला, आणि गाठ तशीच ठेवली. अशी न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिशीपुढच्या बायकांची स्तनाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही मुलीकडून कळलं.

आपल्या पुरवणीत डायला अर्धं पान मिळालं. पुढच्या अंकात गाठ हाताला कशी लागते, काखेत कुठे चाचपायची आणि कुठे दाखवायची, हे चौकटीत का होईना छापावं. फोटो बाईच्या रंगवलेल्या केसांचा नको.

मंगळवारी पार्लर दुपारी उघडेल. सकाळी मावशींना घेऊन सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जायचंय, केसपेपरच्या रांगेत नंबर लवकर लागावा म्हणून आठलाच निघणार आहे.

आपली,
एक पार्लरचालक
राजारामपुरी, कोल्हापूर