बाळ्यास पत्र: संथ गाणं कोण ऐकणार?

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बाळ्या,

तुझी लांबलचक व्हॉइस नोट ट्रेनमध्ये ऐकली. तिथल्या तिथे बोलून उत्तर दिलं असतं तर अख्ख्या डब्याला आपलं कोल्हापुरी ऐकावं लागलं असतं, म्हणून हे पत्र. काकूंची तब्येत आता बरी आहे हे ऐकलं, जिवाला बरं वाटलं.

आता तुझ्या भांडणाचं. तू यंत्रमागाच्या रात्रपाळीवर संथ गाणं लिहिलंस, आणि ग्रुपमधली पोरं म्हणतात, "असलं रडगाणं कोण ऐकणार? गणपतीत डॉल्बीवर वाजलं पाहिजे." लेका, या वादाला चाळीसेक वर्षं होऊन गेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली पोरं शब्द सोडले तर हेच बोलली होती, आणि त्यातून जे रॅप गाणं निघालं ते म्हणजे 'द मेसेज'. नाव तुला माहीत आहे, पण ते कसं घडलं ते ऐक. ती भानगड तुझ्या कामाची आहे.

रेकॉर्डवर नाव आहे ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्हचं. फ्लॅश हा डीजे आणि बाकी पाच रॅपर. फ्लॅश म्हणजे टर्नटेबलवरचा उस्ताद. दोन तबकड्यांवर एकाच गाण्याचा तोच तुकडा फिरवत ठेवायचा, सुई नेमकी कुठे टेकवायची याच्या खुणा तबकडीवरच करून ठेवायच्या, ही त्याची विद्या. आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर त्याचा हातच नाही! टर्नटेबल कुठेच नाही, मुख्यतः सिंथेसायझर आणि ड्रम मशीन.

गाणं लिहिलं एड फ्लेचरनं, म्हणजे ड्यूक बूटीनं. हा या ग्रुपचा नव्हेच. शुगर हिल रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत वाद्यं वाजवणारा गडी, राहणारा इथल्याच एलिझाबेथ गावचा. माझी ट्रेन रोज त्या स्टेशनात थांबते, तिकडे आईच्या घराच्या तळघरात त्यानं हे सुरू केलं. 1980 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या बस आणि सबवे कामगारांचा अकरा दिवसांचा संप झाला होता, तो गाण्यात आलाय. जिन्यातला मुताचा वास, फुटक्या काचा, झुरळं, ओढून नेलेली गाडी हेही आलंय. ब्राँक्समध्ये तेव्हा इमारतीच्या इमारती जळून ओसाड पडल्या होत्या, त्याला कल्पना लढवायची गरज नव्हती. शुगर हिलचाच संगीत जुळवणारा जिग्ज चेज, त्यानं चालीला मदत केली.

ते गाणं उचललं सिल्व्हिया रॉबिन्सननं. ही बाई म्हणजे वेगळंच प्रकरण. स्वतः गायिका, 1973 मध्ये 'पिलो टॉक' गाजवलेलं, आणि नवऱ्याबरोबर एंगलवूडला शुगर हिल ही रेकॉर्ड कंपनी काढून 1979 मध्ये 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं बाजारात आणणारी. चाळिशी कधीच उलटलेली, पण कान तरुण. ती गाणं घेऊन ग्रुपकडे गेली, तर पोरांचा नन्नाचा पाढा. लोक पार्टीत येतात ते घरचा ताप विसरायला, त्यांना परत तोच ताप कशाला ऐकवायचा? पोरं मूर्ख नव्हती बरं का, रोज पब्लिकसमोर उभी राहणारी होती. तोवर त्यांनी केलेली गाणी हात वर करायला लावणारीच होती, आणि ती चालत होती.

शेवटी पाच रॅपरांतला एकटा मेली मेल तयार झाला. म्हणून रेकॉर्डवर रॅप करणारे आवाज दोनच, त्याचा आणि बूटीचा. बाकीचे येतात ते शेवटच्या छोट्या प्रसंगात: कोपऱ्यावर गप्पा मारत उभे असतात आणि पोलीस येऊन उचलतात. व्हिडिओत तर बूटीच्या आवाजावर ग्रुपमधला राहीम ओठ हलवतो. ज्यानं लिहिलं तो पडद्यावर नाहीच.

आता खरी गोष्ट ऐक. मेली मेलचं शेवटचं कडवं, पोरगं जन्माला येतं तिथपासून तुरुंगाच्या कोठडीत लटकलेलं सापडतं तिथपर्यंत, ते या गाण्यासाठी लिहिलेलंच नाही. ते याच ग्रुपच्या 1979 च्या 'सुपररॅपिन'मधलं आहे. ते बारा मिनिटांचं धावतं पार्टीचं गाणं, एकामागून एक सगळे बोलतायत, त्यात हे कडवं आलं आणि गेलं. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. तेच शब्द तीन वर्षांनी संथ बीटवर, सात मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ठेवले, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा. शब्द तेच, तोंड तेच, फक्त जागा आणि चाल बदलली. मला विचारशील तर सगळी करामत इथे आहे. संथपणामुळे दोन ओळींच्या मधे मोकळी जागा राहते आणि ऐकणारा त्या जागेत अडकतो.

1 जुलै 1982 ला गाणं आलं. अमेरिकेच्या आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, यादीत चौथं, ब्रिटनमध्ये आठवं. पण अमेरिकेच्या मुख्य यादीत 62 च्या वर सरकलंच नाही. समीक्षकांनी मात्र डोक्यावर घेतलं, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या मतदानात सिंगल्समध्ये पहिलं. मग 2002 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जपायच्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तिच्या पन्नासांत हे होतं. 2007 मध्ये ग्रुप रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला, हिप हॉपमधला पहिलाच. बूटी ग्रुपचा नव्हता, म्हणून त्यात तो नाही. तो पुढे शिक्षक झाला, कॉलेजात शिकवायला लागला, आणि 2021 च्या जानेवारीत गेला. आणि गंमत बघ, याच गाण्याची चाल घेऊन 1997 मध्ये पफ डॅडी नावाच्या रॅपरनं पैशाची मिजास मिरवणारं गाणं केलं, ते गेलं थेट पहिल्या नंबरवर. गरिबीचं 62, श्रीमंतीचं 1. चाल तीच.

भांडण मात्र व्हायचं ते झालंच. 1983 मध्ये फ्लॅशनं शुगर हिल कंपनीला कोर्टात खेचलं, पैशावरून आणि नावावरून. ग्रुप फुटला. मला फ्लॅशचं वाईट वाटतं, पण पूर्ण बाजू नाही घेता येत. नाव त्याचं, गाणं दुसऱ्याचं, आणि लोक मात्र अजून त्यालाच सलाम ठोकतात. सिल्व्हियाचंही नाव लेखकांत आहे, त्यावर वाद घालणारे घालतात. पण ती हटून बसली नसती तर गाणं तळघरातच राहिलं असतं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

तेव्हा भावा, एक: रेकॉर्डिंगला बसण्याआधी शब्द कुणाचे, बीट कुणाचं, आवाज कुणाचा हे कागदावर लिही आणि सगळ्यांच्या सह्या घे. मैत्री आहे म्हणूनच घे. दोन: पोरांना हाकलू नकोस, कोरसला घे. नको म्हणणाऱ्यांचे आवाज मागच्या गोंगाटात फार छान लागतात.

आणि तीन. तुमच्या मागच्या वर्षीच्या गणपतीच्या ट्रॅकमध्ये मधेच चार ओळी होत्या, त्या माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या. मागाच्या खडखडाटात कान गेलेला, घरी बायको बोलली तरी तिच्या ओठांकडे बघणारा. ढोल-ताशात त्या कुणाला ऐकूच आल्या नाहीत, मलाही तिसऱ्यांदा लावल्यावर कळल्या. त्या तिथून उचल, या नव्या गाण्याच्या शेवटी ठेव, आणि बीट अजून जरा खाली आण. मिक्स पाठवताना आवाज वेगळा आणि बीट वेगळं पाठव, मी इथे हेडफोनवर नीट ऐकून कळवतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संज्या