माझी ‘पैठणी’ नाही, पण शहर सापडलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन खेळांपायी वाया जाणाऱ्या वेळेवरचा लेख वाचला. त्यातली काळजी खरी आहे; माझाही मुलगा यंदा दहावीला आहे आणि मीही रोज त्याच्यावर ओरडते. पण ‘या खेळांतून मागे काहीच उरत नाही’ असं एक वाक्य त्यात होतं. ते मला दोन दिवस बोचत राहिलं, म्हणून हे पत्र.

२००६ मध्ये लग्न होऊन मी न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले. एच-४ व्हिसावर. म्हणजे तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर राहायचं आणि स्वतः नोकरी करायची नाही. पुण्यात मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा वर्षं काम केलं होतं. एडिसनमध्ये सकाळी साडेसातला नवरा बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत मी, हीटर आणि खिडकीबाहेरचा बर्फ. गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे कोथिंबिरीसाठीसुद्धा शनिवारची वाट बघायची.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळाची डबी आणून दिली. हा खेळ २००४ च्या एप्रिलमध्ये आलेला. महिन्याला पंधरा डॉलर वर्गणी, तेव्हाचे जवळपास सातशे रुपये. नवरा जरा कुरकुरला, पण भरले. पॅरागॉन सिटी नावाचं एक शहर, त्यात आपला सुपरहिरो आपण घडवायचा आणि जगभरातल्या लोकांबरोबर टोळी करून गुंडांशी लढायचं. पोशाख बनवण्यातच माझ्या तीन दुपारी गेल्या. साडी त्यात नव्हतीच. मग जांभळा अंगरखा घेतला, त्याला सोनेरी पट्टे दिले. पदराची हौस खांद्यावरून मागे सोडायच्या केपवर भागवायची, तर केप मिळायची विसाव्या पातळीनंतर. पदर असा कमवावा लागला! नाव ठेवलं ‘पैठणी’. एका सर्व्हरवर (खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर) एक नाव एकदाच मिळायचं, आणि ‘डार्क’ न् ‘शॅडो’वाली सगळी नावं गेलेली असायची. ‘पैठणी’साठी मात्र रांग नव्हती.

मी डिफेंडर होते. लढणाऱ्यांच्या मागे उभं राहून त्यांच्या जखमा भरून काढायच्या. (तिथेही दुसऱ्यांची शुश्रूषाच, असं माझी बहीण म्हणाली होती. पण तिथे लोक आभार मानायचे.) आमच्या टोळीत टेक्सासचा एक निवृत्त ट्रकचालक होता आणि ओहायोतली रात्रपाळी करणारी एक नर्स. ट्रकचालकाला वाटायचं ‘पैठणी’ म्हणजे ‘पायथन’चं काहीतरी रूप, मी सापाची ताकद असलेली बाई! पैठणी म्हणजे काय ते मी त्याला समजावलं. येवल्याचे माग, पदरावरचे मोर, सगळं. तेव्हा माझं इंग्रजी बोलताना अडखळायचं. टाइप करताना अडखळत नव्हतं.

चौदाव्या पातळीला मला उडता यायला लागलं. एडिसनमध्ये अर्ध्या मैलावरच्या दुकानात जायला जिला दुसऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागायची, ती बाई त्या दुपारी उंच इमारतींवरून दीड तास नुसती उडत होती. एकही गुंड पकडला नाही. तो वेळ वाया गेला असं लेखकमहाशयांना म्हणायचं असेल तर खुशाल म्हणोत.

२०११ मध्ये आम्ही मुलाला घेऊन पुण्याला परतलो. त्याच वर्षी सप्टेंबरात खेळ फुकट खेळता येऊ लागला, म्हणून मुलगा झोपला की अधूनमधून इथूनही डोकावायचे. आणि ३१ ऑगस्ट २०१२ ला बातमी आली की खेळ बंद होणार. वीस हजारांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. शहरातल्या अ‍ॅटलस पार्कमध्ये, खांद्यावर पृथ्वी पेललेल्या त्या पुतळ्यासमोर, सगळे सुपरहिरो हातात मशाली घेऊन उभे राहिले. उपयोग झाला नाही. अमेरिकेत ३० नोव्हेंबरची मध्यरात्र होती. आपल्याकडे १ डिसेंबर, शनिवार, दुपारी दीडचा सुमार. माझा कुकर लागला होता. पडद्यावर सर्व्हरशी संपर्क तुटल्याची ओळ आली. शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद केला, तेव्हाही ती ओळ तिथेच होती.

मुद्दा असा, की पुस्तकाची आवृत्ती संपली तरी घरातली प्रत राहते. या खेळाची डबी, तबकडी, सगळं माझ्या कपाटात होतं. पण शहर राहायचं कंपनीच्या यंत्रावर. ते बंद झालं की माझ्या हातात प्लॅस्टिक.

शहर वाचवलं ते खेळणाऱ्यांनी. त्यांच्यातल्या जाणकारांनी ‘टायटन नेटवर्क’ नावाने आधीपासून या खेळाची माहिती गोळा केली होती. बंद व्हायच्या आत आपल्या पात्राचा तपशील उतरवून घेता येईल असं साधन त्यांनी बनवलं. (मी ते वापरलं नाही. मुलाला ताप होता, उद्या करू म्हटलं.) नंतर त्यांनी ‘आयकॉन’ काढलं. आपल्याच संगणकावर उरलेल्या फायली वापरून त्या शहरात फिरता यायचं, पण एकट्याने. मी २०१३ मध्ये फिरले. लग्न उरकल्यावर मांडवात उरतो तसा शुकशुकाट. पाच मिनिटांत बंद केलं.

२०१९ च्या एप्रिलमध्ये उघड झालं, की काही जण कित्येक वर्षं गुपचूप हा खेळ चालवत होते. बाकीचे भडकले. सहा-सात वर्षं लोकांनी हळहळत काढली आणि ह्यांच्याकडे दिवे चालूच! मग खेळाच्या प्रोग्रामचा तो सगळा ऐवज सर्वांसाठी खुला झाला आणि त्यातून हाच खेळ पुन्हा चालवणारं ‘होमकमिंग’ उभं राहिलं. स्वयंसेवक चालवतात, खर्च देणग्यांतून भागतो. नाव वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो माहेरपण. जानेवारी २०२४ मध्ये मूळ खेळाची मालक असलेल्या कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला, तेव्हा कुठे माझी भीड गेली. चोरीच्या वाटेने माहेरी जायला मला जमलं नसतं.

तिथे ‘पैठणी’ नव्हती. जुनी पात्रं परत आलेली नाहीत, प्रत्येकाने आपलं नव्याने घडवायचं. एका जुन्या स्क्रीनशॉटवरून तिला पुन्हा शिवलं. सगळंच पूर्वीसारखं नाही हेही सांगते. उडायला आता चौथ्याच पातळीला मिळतं, आणि चालवणारे नवनवीन गोष्टी घालत असतात. रात्रभर चालणारं संगीत नाटक तीन तासांत बसवतात, तसं थोडं वाटतं. तरी खेळ चालू आहे हे महत्त्वाचं. नुसता काचेच्या पेटीत ठेवला असता तर ते ‘आयकॉन’सारखं झालं असतं.

आम्हा पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्या पी. के. नायर यांच्यासारखा माणूस जुन्या सिनेमांचे डबे शोधत गावोगाव हिंडला म्हणून फाळक्यांची काही रिळं आज बघता येतात. आणि १९३१ च्या ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत कुणाकडे नाही. त्या काळीही सिनेमा म्हणजे वेळ घालवायचा धंदा, तो कशाला जपायचा, असंच घरोघरी म्हणत असतील. युरोपात विकलेले खेळ कंपन्यांनी असे मारून टाकू नयेत म्हणून नागरिकांनी चालवलेल्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या.

आपल्याकडेही सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून असे खेळ खेळलेली मुलं आता चाळिशीला आली आहेत. कुणी कुठल्या गावच्या कॅफेत, कुणाबरोबर, कुठल्या नावाने खेळलं, हे कुठल्याच सर्व्हरवर नाही. पुरवणीत त्यांच्यासाठी महिन्यातून अर्धं पान ठेवा, एवढंच सुचवायचं आहे. माझ्याकडे अकरा स्क्रीनशॉट आहेत. त्यातल्या एकात ‘पैठणी’ उडते आहे आणि खाली ट्रकचालकाची ओळ दिसते, ‘पायथन, खाली ये, मी मरतोय’. तो पहिल्या अंकासाठी सोबत जोडला आहे.

आपली,
एक वाचक (डिफेंडर), कोथरूड, पुणे