कागजीपुऱ्याला थांबच!

प्रिय मंजू,

वेरूळला जायचं ठरतंय म्हणालीस ना, मग हे नीट वाच. लेणी तू बघशीलच, किल्लाही चढशील आणि येताना पैठणीच्या दुकानाशी गाडी थांबणार हेही ठरलेलंच, पण दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हातकागदाचं गाव कागजीपुरा लागतं तिथे उतर. लोक सुसाट पुढे निघून जातात, मला फार वाईट वाटतं त्याचं.

तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, मग परत नेली, लहरी राजा, संपला धडा, एवढंच शिकलो आपण शाळेत. पण त्या लवाजम्यात कारागीरही आले आणि दरबार परत गेला तरी त्यातले बरेच इथेच राहिले, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कागजीपुऱ्याचा कागद आणि औरंगाबादचं हिमरू कापड, दोन्हीचं मूळ तिथेच नेतात. राजापेक्षा हे मागे राहिलेले लोक मला जास्त महत्त्वाचे वाटतात गं.

कागद बनायचा तो सुती चिंध्यांपासून. चिंध्या बारीक तोडायच्या, चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, ढेंकीखाली, म्हणजे पायाने चालवायच्या लाकडी मुसळाखाली, कुटायच्या, धुवायच्या, परत कुटायच्या, असं करत करत लगदा तयार होतो आणि तो हौदात पाण्यात कालवतात. मग कारागीर हौदाच्या काठावर बसून लाकडी चौकट बुडवतो, तिच्यावर गवताच्या काड्यांची चटई असते तिला छापरी म्हणतात, चौकट वर काढताना हलकासा झोका देतो आणि लगदा सारखा पसरतो. खरं कसब त्या झोक्यात आहे, कमी पडला तर कागद एका बाजूला जाड होतो. ओले ताव एकावर एक रचून दाबायचे, गिलावा केलेल्या भिंतीला चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते, म्हणून जुन्या मोडी कागदांना ती चमक असते बघ. दौलताबादी आणि जुन्नरी कागदाला पेशवाईत मान होता. आणि शेकडो वर्षांचे ते कागद अजून वाचता येतात, कारण त्यात सुती धागा आहे, आपलं लाकडाच्या लगद्याचं वर्तमानपत्र काही महिन्यांत पिवळं पडतं.

हिमरूबद्दल थोडक्यात सांगते. ताणा म्हणजे उभा धागा सुती, नक्षीचा बाणा म्हणजे आडवा धागा रेशमी, किमखाबासारखं, म्हणजे जरीच्या भरजरी कापडासारखं, दिसणारं पण त्याहून स्वस्त कापड, निजामाच्या दरबारात याच्या शेरवान्या चालायच्या. दुकानात गेलीस की कापड उलटून बघ. हिमरूत नक्षीचा जादा बाणा असतो, त्यामुळे मागे मोकळे धागे दिसतात. हातमागाची पैठणी मात्र दोन्हीकडून सारखी, कारण तिथे प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागीच गुंतवून पुढे नेतात, एका पैठणीला कधीकधी महिनोन्‌महिने लागतात ते यामुळेच. मागे धागे लोंबतायत आणि दुकानदार हातमागाची पैठणी म्हणतोय, तर सरळ उठून ये. साध्या कापडावर हिमरूची नक्षी छापून शाली विकणारेही आहेत, त्यांच्याकडे वळूसुद्धा नकोस.

कागजीपुऱ्यात आता कागद बनवणारी घरं फार थोडी उरलीत, म्हणून नुसतं बघून येऊ नकोस, विकत घे. ताव उजेडासमोर धर, छापरीच्या काड्यांच्या रेघा दिसतात का बघ आणि माझ्यासाठी घोटलेले चार-पाच ताव आण, दुमडू मात्र नकोस, गुंडाळी करून आण. पैसे लगेच पाठवते.

तुझी,
शुभा