पेन्सिलीने दुरुस्त केलेला एक शब्द

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समुपदेशनासाठी आपल्याकडे येणे थांबून वर्ष होत आले, तरी आपले आभार मानायचे म्हटले की अजूनही घसा दाटून येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या दिवशी मी माझ्या दोषांची वही आपल्यापुढे ठेवली होती. तिच्या पहिल्याच ओळीत 'मी तापट आहे' असे होते. आपण 'तापट आहे' यावर पेन्सिलीने हलकी रेघ मारलीत आणि वर 'तापतो' एवढेच लिहिलेत. पेन्सिल का, असे विचारल्यावर आपण म्हणालात, "नाही पटले, तर तुम्हाला पुसता यावे."

याआधी एका ठिकाणी घड्याळाकडे पाहत 'राग सोडून द्या' असे सांगण्यात आले होते, जणू राग म्हणजे दारात काढून ठेवायची चप्पल. दुसरीकडे भरपूर शुल्क घेऊन मला राग कागदावर लिहून जाळायला लावला. कागद तेवढा जळला. माझे म्हणणे पुसण्याची मुभा मला कोणी दिली नव्हती.

कृतीचे मोल करावे, अख्ख्या माणसाचे करू नये, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या १९५५ पासूनच्या उपचारपद्धतीतला विचार आहे, हे मला नंतर कळले. समर्थांनीही २०५ श्लोकांत मनाला किती बजावले, पण हाक मारली ती 'मना सज्जना' अशीच. लहानपणी घोकलेल्या त्या संबोधनाचा अर्थ मला पन्नाशीत लागला.

स्वतःला क्षमा केली की माणूस सैल सुटतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात, मुलीवर ओरडल्यानंतर मी स्वतःला दूषणे देत उपाशी झोपत असे, आणि जिला बोल लागले तिलाच ताट घेऊन माझी समजूत काढायला यावे लागे. म्हणजे त्या पश्चात्तापातही मानाचे पान माझेच होते. आता मी तापतो, निवतो आणि तिच्यापाशी जाऊन 'माझे चुकले' म्हणतो. गेल्याच मंगळवारी म्हणावे लागले. ती "बरं" म्हणाली आणि आम्ही जेवायला बसलो.

त्या जेवणाबद्दल आपले आभार.

आपला कृतज्ञ,
एक तापणारा गृहस्थ