आजोबांची हनुवटी, नातवंडांचं वय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या दातांविषयी छापून येतं ते बहुतेक किडीबद्दल. जबड्याच्या वाढीबद्दल क्वचितच वाचायला मिळतं, म्हणून हे पत्र.

खालचा जबडा पुढे असणं ही आमच्या घराण्याची खूण. सासऱ्यांचा तसा, यजमानांचा तसा, मुलाचाही तसाच. सफरचंद त्याला पुढच्या दातांनी तोडता यायचं नाही, तोंड वाकडं करून दाढेने ओढायचा. ‘आजोबांवर गेलाय’ म्हणून आम्ही कौतुक केलं. दातांचे डॉक्टरही म्हणाले, ‘दुधाचे सगळे दात पडू देत, मग बघू.’ १३व्या वर्षी ऑर्थोडॉन्टिस्टकडे (वेडेवाकडे दात आणि जबडे नीट बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) नेलं तेव्हा वेळ गेली होती. आता वाढ थांबेपर्यंत वाट बघायची आणि १८ नंतर बहुधा शस्त्रक्रिया.

रक्तातच आहे म्हणजे इलाज नाही, हे आम्ही धरून चाललो. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यात हीच हनुवटी पिढ्यान्पिढ्या उतरली, त्यांच्या चित्रांतही ती दिसते. पण त्या काळी उपाय नव्हता, आज आहे: वरचा जबडा ओढून पुढे आणायचा. फक्त त्याला वयाची अट आहे. वरचा जबडा चेहऱ्याच्या इतर हाडांना ज्या सांध्यांनी जोडलेला असतो, ते साधारण आठ-दहा वर्षांपर्यंत ओढीला चांगली दाद देतात. खालचा जबडा मात्र वयात येताना झपाट्याने वाढतो, मुलग्यांचा तर १८च्या आसपासपर्यंत. म्हणून ज्या घरात असा जबडा आहे, तिथे उलट लवकर दाखवायला हवं. पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी, असं अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनाही सांगते.

धाकटीला सातव्या वर्षीच नेलं. कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारा फेसमास्क, त्याच्या दांडीपासून तोंडातल्या हुकांपर्यंत रबर, रोज बारा-चौदा तास. सकाळी कपाळावर पॅडचा लालसर वण असायचा, तो बघून माझ्या पोटात कालवायचं. पण दहा महिन्यांत वरचे दात खालच्या दातांच्या पुढे आले. वयात येताना खालचा जबडा पुन्हा जोर करू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. त्यामुळे दर सहा महिन्यांनी दाखवतो.

शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची, वजन, डोळे बघतात. तिथेच मुलाला दाढा मिटायला सांगावं, पुढे कुठले दात येतात ते बघावं आणि घरात आणखी कुणाचा जबडा असा आहे का, हे पालकांना विचारावं. एका मुलामागे मिनिटभरही लागणार नाही. आपण हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपली,
एक आई